भोरडीच्या श्वासातली साखर

परसातल्या पेरूच्या फांदीला केतकीने ते फीडर टांगलं, तेव्हा त्याच्यावर पहिला येऊन बसला तो शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी. सावलीत काळा दिसणारा, उन्हात आला की जांभळा होणारा. त्याने बाकदार चोच बारीक नळीत घातली, साखरपाणी ओढलं आणि उडून गेला. केतकीच्या हातातल्या, फीडरबरोबर आलेल्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘शिंजीर, नर. मुख्य आहार : फुलांचा मध. थोडी ऊस-साखर.’

“ह्याला कसं कळलं?” मी विचारलं.

“त्याने श्वास सोडला ना, बाबा. तेवढ्यावर कळतं.”

केतकी माझी एकुलती एक मुलगी. पुण्यात असते. हे फीडर तिने माझ्या वाढदिवसाला आणलं होतं. तिची आई गेल्यापासून मी मंगळवेढ्याच्या घरात एकटाच आहे. दिवसातला बराचसा वेळ मी परसात खुर्ची टाकून वाचत बसतो, आणि वाचण्यापेक्षा पक्ष्यांकडेच जास्त बघतो, हे तिला ठाऊक होतं.

आयुष्यभर मी सोलापुरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. माझं सगळं ज्ञान म्हणजे दुसऱ्यांच्या पुस्तकांतून वाटेत गोळा झालेलं. त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगताना मी पुढे ‘बहुधा’ लावतो. केतकी लहानपणी मला ‘बहुधा बाबा’ म्हणायची. तर त्या यंत्राचं मला समजलं ते, बहुधा, असं आहे.

हवेतला कार्बन दोन प्रकारचा असतो. एक हलका, दुसरा किंचित जड. जड अगदी थोडा. झाडं हवेतून कार्बन घेऊन साखर बनवतात, तेव्हा बहुतेक झाडं जड कार्बन जमेल तेवढा टाळतात. पळस, पांगारा, भात, गहू ही सगळी त्यांतली. उसाची रीत निराळी. तो कडक उन्हातला गडी. पानाची दारं किलकिली करून तो हवा आत घेतो, आणि आत आलेलं सगळं वापरून टाकतो, निवडत बसत नाही. म्हणून उसाच्या साखरेत जड कार्बन थोडा जास्त सापडतो. शिंजीर इतक्या घाईत जगतो, की प्यालेली साखर लगेच जाळून श्वासातून बाहेर टाकतो. फीडरच्या दांडीजवळ पक्षी ओळखणारा कॅमेरा आणि एक छोटं भोक होतं. त्यातून श्वास आत ओढला जाई, त्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडे, आणि जड-हलक्याचं प्रमाण निघे. जड कार्बन जास्त निघाला, की यंत्र ‘ऊस-साखर’ म्हणे.

हे यंत्र बनवलं होतं युरोपातल्या एका थंड देशातल्या कंपनीने. ते पक्ष्यांसाठीच होतं. पण फीडर भरायला माणूस जवळ येतो आणि त्याचाही श्वास आत जातो. आधी कंपनीला तो कचरा वाटला, मग त्यात धंदा दिसला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी काय खाल्लं ते दूरच्या मुलांना कळवायची सोय त्यांनी त्याच फीडरमध्ये करून दिली. मला मधुमेह. केतकीने थंडीच्या तोंडावर ती सोय चालू करून घेतली, तीही माझ्यासमोर, मला विचारून.

“चालेल ना, बाबा? म्हणजे मला रोज फोन करून छळायला नको.”

“चालेल,” मी म्हटलं. तिचे फोन मला छळ वाटत नाहीत, हे म्हणायचं राहून गेलं.

मी एकटा राहीन, पण साखर ताब्यात ठेवीन, असा आमचा करार होता. भात आणि पोळी कमी करून ज्वारीची भाकरी खा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि केतकीने ते उचलून धरलं होतं. भाकऱ्या करायला गल्लीतली गंगाक्का येई. तिचं स्वतःचं गावाबाहेर ज्वारीचं रान आहे. ती मला तात्या म्हणते आणि माझ्या पुस्तकांना रद्दी.

थंडी आताशा उशिरा पडते, तशा भोरड्याही उशिरा येतात. त्या वर्षी डिसेंबर लागल्यावर आल्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. मध्य आशियातून, बर्फाच्या डोंगरांपलीकडून त्या येतात आणि आमच्या ज्वारीच्या रानांवर धुरासारख्या उठतात-बसतात. परसात मी पाण्याचं परळ ठेवलं होतं. संध्याकाळी त्यांतल्या काही पाणी प्यायला येत. एकीच्या डाव्या पायाला पुढचं बोट नव्हतं. पाणी पिऊन झालं, की ती फीडरच्या दांडीवर चढून पिसं साफ करत बसे. मी तिला लंगडी म्हणू लागलो.

भोरड्या आल्या आणि साधारण त्याच सुमाराला केतकीचा फोन आला.

“बाबा, काल काय गोड खाल्लंत?”

“काहीच नाही.”

“यंत्र म्हणतंय ऊस-साखर. बरीच.”

“चुकत असेल.”

“शिंजीरचं बरोबर येतं, आणि तुमचंच चुकतं?”

दुसऱ्या दिवशी तिने पडद्यावरून गंगाक्काला विचारलं. गंगाक्काने पडद्याकडे पाठ करून भाकरी थापत उत्तर दिलं.

“मी कशाला देऊ बाई साखर? ह्यांच्या चहात चमचाभर दूध घालायचं म्हटलं तर तुमचं भ्या वाटतंय. पाखराचं तोंड हुंगणारं यंत्र आणलंय, आता माझंबी हुंगा.”

मी जास्तच जपू लागलो. सकाळचे पोहे बंद केले, त्यांच्या जागी शिळी भाकरी आणि ताक. दुपारी वाटीभर भात असे, तोही सोडला. संध्याकाळी भूक लागली तर पुन्हा भाकरीच. आठवड्याभराने यंत्राचा आकडा आणखी वर गेला होता. केतकीने प्रयोगशाळेतून रक्त तपासून घेतलं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी किंचित वाढलेली निघाली, म्हणजे मी धड दोषीही नाही आणि धड निर्दोषही नाही.

मग तिचा जो फोन आला त्यात रागाचा लवलेशही नव्हता. मला तेच जड गेलं.

“बाबा, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे.”

“मग?”

“म्हणूनच भीती वाटते. तुम्ही खाता आणि तुम्हाला आठवत नाही. अण्णाकाकांचं असंच सुरू झालं होतं.”

अण्णा माझा थोरला भाऊ. शेवटच्या वर्षांत तो साखरेच्या मुठी भरून खायचा, आणि ओठांना साखर चिकटलेली असताना शांतपणे सांगायचा, की मी स्वयंपाकघरात गेलोच नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने तो गेलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी स्वतःवर पाळत ठेवली. साखरेच्या डब्यातली साखर चमच्याच्या पाठीने सपाट केली आणि तिच्यावर बोटाने एक फुली काढली. सकाळी पाहिलं, फुली जशीच्या तशी. थोडं हायसं वाटलं. मग मनात आलं, साखर खाऊन पुन्हा सपाट करून फुली काढणारा मीच असलो तर? स्वतःच्या लिखाणाचं मुद्रित स्वतः तपासू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. आपली चूक आपल्या डोळ्यांना शुद्धच दिसते. शेवटी मी डबा उचलून गंगाक्काला देऊन टाकला, फीडरच्या पाण्यापुरती साखर ती घरून घेऊन येई. तरीही आकडा उतरला नाही.

केतकीने तिच्या घराजवळ एक जागा बघितली. विस्मरण झालेल्या लोकांची तिथे चांगली काळजी घेतात, सुरुवातीला काही महिने नुसतं बघू, असं ती म्हणाली. हुरड्याच्या दिवसांत येते आणि तुम्हाला घेऊन जाते, म्हणाली. मी हो म्हटलं. वाद घालायला माणसाचा आधी स्वतःवर भरवसा लागतो.

ती यायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळचं ऊन पेरूवर होतं. लंगडी परळातलं पाणी पिऊन दांडीवर बसली होती. आता हे सगळं इथेच राहणार म्हणून मी एकेक गोष्ट नीट बघत होतो. एरवी मी भोरड्यांच्या नोंदी वाचत नसे, त्या दिवशी सहज पडदा हातात घेतला. ‘भोरडी, मादी. मुख्य आहार : ऊस-साखर. प्रमाण : फार जास्त.’

मी तिच्याकडे पाहिलं. मग फीडरच्या नळीकडे. नळी शिंजीरच्या चोचीच्या मापाची, काडीएवढी. भोरडीची चोच तिच्यात जाणंच शक्य नव्हतं.

केतकीला मी हे सहज म्हणून सांगितलं.

“कुठल्या तरी साखर कारखान्याच्या मळीवर बसत असेल,” ती म्हणाली. “आसपास कारखाने आहेतच की.”

“बहुधा,” मी म्हणालो.

पण ते मनातून जाईना. छापखान्यात मजकूर कधी कधी दोन वेगळ्या माणसांकडून वेगवेगळा जुळवून घेत. दोघांच्या चुका निरनिराळ्या पडत. ज्या ठिकाणी दोघांची नेमकी तीच चूक सापडे, तिथे आम्ही त्यांना बोल लावत नसू. चूक दोघांनी समोर ठेवलेल्या मूळ प्रतीत असणार, हे उघड असे. आता इथे मी आणि लंगडी. माझी स्मरणशक्ती गेली असेल, पण लंगडीची कशी जाईल? आणि गेली तरी चोच बारीक कशी होईल? आम्हा दोघांच्या समोर एकच मूळ प्रत असली पाहिजे. ती कुठली?

दुसऱ्या दिवशी गंगाक्का भाकऱ्या करायला आली ती फणफणतच. पाखरं हुसकायला सकाळभर रानात पत्र्याचा डबा बडवून तिचे हात भरून आले होते.

“तुमची ती गुलाबी पावणी बघितली, तात्या. लंगडीच हाय ना ती? जेवायला माझ्या ज्वारीवर, आन पाणी प्यायला तुमच्याकडं. लई शहाणी.”

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. मी त्या भाकरीकडे बघत राहिलो.

“काय झालं? करपली न्हाई अजून.”

“गंगाक्का, ज्वारीचं हिरवं धाट गोड लागतं ना?”

“लागतंय की. पोरं उसावानी चावत्यात.”

मी खोलीत जाऊन वाचायला बसलो. शोधायला फार वेळ लागला नाही. मला लाज वाटावी इतकी ती साधी गोष्ट होती. ऊस आणि ज्वारी एकाच गवताच्या कुळातली. मका आणि बाजरीही त्याच घरची. सगळी कडक उन्हातली गडी माणसं, पानाची दारं किलकिली करून आलेला सगळा कार्बन वापरणारी. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याच्या श्वासात जड कार्बन जास्तच येणार, अगदी साखर खाल्ल्यासारखा. जिथे यंत्र घडलं तिथे लोक गहू खातात, ज्वारी-बाजरी ताटात नसतेच. त्यांच्या लेखी जड कार्बनचा एकच अर्थ होता, ऊस-साखर. मधुमेह म्हणून मी पोहे सोडले, भात सोडला, भाकरी वाढवली. जसजसा पथ्याने वागलो, तसतसा यंत्राला मोठा चोर दिसत गेलो.

म्हणजे, असं मला वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. ज्याच्यावर विसरल्याचा आळ आहे त्याने फोनवरून असला सिद्धान्त मांडला, तर तो दुखण्याचाच भाग वाटणार. अण्णाही शेवटी शेवटी फार हुशारीची कारणं द्यायचा. शिवाय मीच चुकत असलो तर? तपासणारे डोळे दुसऱ्याचे हवेत.

केतकी शुक्रवारी आली. चेहरा हसरा ठेवत होती, पण आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या बरण्या तिने एकदा पाहून घेतल्या. गंगाक्काने ते बघितलं.

“डबा माझ्या घरी हाय, बाई. कुलपात ठेवू का?”

“तसं नाही हो, गंगाक्का.”

“तसंच हाय. पर असू दे, लेक हाईस.”

शनिवारी गंगाक्काने आम्हाला रानात हुरडा खायला नेलं. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून, हातावर चोळून ती पुढ्यात दाणे टाकत होती. केतकी लहान मुलीसारखी खात सुटली. सोबत लसणाची चटणी. गूळ पुढे केला तर तिने हात आडवा धरला. बारा वर्षं झाली तिने चहातसुद्धा साखर घातलेली नाही, आणि ती हे सगळ्यांना सांगते. रानाच्या दुसऱ्या टोकाला भोरड्यांचा थवा उतरला. गंगाक्काने पत्र्याचा डबा उचलला, मग केतकीकडे बघून खाली ठेवला.

“खाऊ दे आज. पावण्या सगळ्याच.”

दोन दिवस केतकी आमच्याकडे भाकरीच जेवली. रविवारी सकाळी माझी बॅग गाडीत गेली. पुस्तकांची खोकी नंतर न्यायची होती. गंगाक्का ओसरीत पदराने उगाचच उंबरा पुसत होती.

“केतकी,” मी म्हणालो, “जाण्याआधी तेवढं फीडर भरतेस? आपण गेल्यावर शिंजीर येईल.”

ती परसात गेली. नळीत साखरपाणी ओतताना तिचं तोंड दांडीजवळ आलं होतं. यंत्र गप्प बसलं तर काय, हे मी ठरवलेलं होतं. मुकाट गाडीत बसायचं, आणि पुन्हा ह्याविषयी एक शब्द काढायचा नाही.

पडदा तिच्याच हातात होता. तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“नवीन व्यक्ती, स्त्री,” ती सावकाश म्हणाली. “मुख्य आहार : ऊस-साखर. प्रमाण जास्त.”

गंगाक्का दारात येऊन उभी होती. “बाई, तुमीबी का? डबा तर माझ्याकडं हाय.”

केतकी परसाच्या पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसलो आणि लंगडीची चोच, नळी, ऊस, ज्वारी असं सगळं सांगितलं, वाटेत अडखळत. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आणि भाकरी खा म्हणून मीच मागे लागले होते.”

“डॉक्टरही.”

“हे फोनवर का नाही सांगितलंत?”

“मानलं असतंस?”

तिने थोडा विचार केला. तिचा हा गुण आईचा, उत्तर सोपं असलं तरी विचार करून देते.

“नसतं मानलं,” ती म्हणाली. आणि मग ती रडेल असं मला वाटलं, पण ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, उठून गाडीकडे गेली, बॅग काढून आणली आणि माझ्या खोलीत कॉटखाली पूर्वीच्या जागी सरकवून ठेवली.

कंपनीला तिने लिहिलं. मी त्या पत्रात एक स्वल्पविराम सुचवला, तो तिने घेतला. महिन्याभराने कंपनीने दुरुस्ती केली. पण नुसत्या श्वासावरून ज्वारी आणि साखर वेगळी काढणं त्यांनाही जमेना. त्यामुळे आता यंत्र म्हणतं, ‘मुख्य आहार : ऊस-साखर किंवा ज्वारी, बाजरी, मका.’ तो ‘किंवा’ मला फार आवडला. इतका देखणा शब्द यंत्राच्या तोंडी मी पहिल्यांदा पाहिला.

ह्याचा एक परिणाम असा झाला, की मी काय खाल्लं हे केतकीला मलाच विचारावं लागतं. रोज फोन येतो. पाडव्याला गुढी उतरवल्यावर आला तेव्हा तिने विचारलं, “गाठी खाल्लीत?”

“एक मणी खाल्ला.”

“एकच?”

“एकच.”

“यंत्र काय म्हणतंय?”

“यंत्र म्हणतंय, किंवा भाकरी.”

“बरं,” ती म्हणाली, आणि आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलो.

तोवर रानं मोकळी झाली होती. भोरड्यांच्या अंगावर चरबी चढली होती, गुलाबी रंग भडक झाला होता, दिवसभर त्यांची अस्वस्थ किलबिल चाले. लांबच्या प्रवासाआधी पक्षी अन्नाची चरबी करून साठवतो आणि वाटेत ती जाळतो, म्हणजे इथली ज्वारी त्याच्या श्वासातून पुढचे काही दिवस थोडी थोडी निघत राहते. एका सकाळी त्या नव्हत्या. लंगडीची दांडी रिकामी होती. मी परळ भरून ठेवलं, सवय म्हणून.

पुढल्या आठवड्यात पडदा उजळला. एका फीडरने ओळखलेला पक्षी दुसऱ्या फीडरवर दिसला, की कंपनी दोन्ही घरांना कळवते. काबूलच्या पलीकडे, डोंगरातल्या कुठल्याशा गावात, जर्दाळूच्या झाडाला तसलंच एक फीडर टांगलेलं होतं. त्याच्या दांडीवर सकाळी एक भोरडी बसली होती, डाव्या पायाला पुढचं बोट नसलेली. उपाशीपोटीच्या श्वासात जड कार्बन जास्त. त्या घरच्या बाईंचा निरोपही होता, यंत्राने मराठीत उतरवलेला. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. ‘आमच्याकडे ऊस होत नाही, मका अजून पेरायचा आहे. ही पाहुणी तुमच्याकडून आलेली दिसते. यंत्र ज्वारीचंही नाव घेतं. ज्वारी म्हणजे काय?’

अनोळखी माणसाला मी आयुष्यात आपणहून काही लिहिलेलं नाही. सकाळभर शब्द जुळवले आणि खोडले. ज्वारी हे एक तृणधान्य आहे, बहुधा. ते ‘बहुधा’ खोडलं. पण भाकरी कशी सांगायची, तव्यावरची, पाण्याचा हात फिरवलेली? गंगाक्का स्वयंपाकघरात होती. मी तिला निरोप वाचून दाखवला आणि विचारलं, ह्यांना काय कळवू?

तिने हातावरची भाकरी तव्यात टाकली.

“त्यात लिवायचं काय, तात्या? थंडीत पाखरांसंगं या म्हणावं, गरम गरम करून घालते.”

मी तेवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.